पुरोगामी देश ओळखण्याची घरगुती रीत

एक देश दुसऱ्यापेक्षा पुरोगामी का असतो, हा प्रश्न घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला पडायला हरकत नाही. कासारवडवलीहून माजिवड्यापर्यंत पोचायला जो वेळ लागतो, त्यात याहून मोठे प्रश्न पडून सुटतातही. धोका उत्तरात आहे. चुकून खरं उत्तर हाती लागलं तर ते घरी न्यावं लागतं. तसं होऊ नये म्हणून हा चार शब्दांचा सल्ला, आमच्या टॉवरच्या क्लबहाउसमध्ये दर शनिवारी संध्याकाळी पारखून घेतलेला.

सुरुवात 'फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र' इथूनच करा, आणि एका दमात करा. मध्ये श्वास घेतलात तर समोरचा 'म्हणजे नक्की काय?' असं विचारू शकतो. विचारलंच तर तारखा तयार ठेवा. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा, १९०२ साली कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांना निम्म्या जागा, १९२१ साली मुंबईत र. धों. कर्व्यांचं संततिनियमन केंद्र. ही पूर्वजांनी पागडीवर घेऊन ठेवलेली जागा आहे. भाडं जुनंच, जागा मोक्याची, दुरुस्ती करायची नाही. शाळेत जाताना सावित्रीबाईंवर शेण टाकणारे लोक पुढे कुठे गेले कुणास ठाऊक. त्यांचा वंश बुडाला असावा. आज महाराष्ट्रात जो भेटतो तो सावित्रीबाईंच्याच बाजूचा.

आनंदीबाई जोशी तर आपल्या शेजारच्या कल्याणच्या, हे ठाणेकराने विसरता कामा नये. माहेरची यमुना, लग्नानंतर आनंदी, १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर. एवढं झालं की जिल्ह्याचा कोटा भरला.

आता परदेश. इथे स्वित्झर्लंडपासून सुरुवात करणं फायद्याचं असतं. अर्ध्या सोसायटीने तिथले बर्फाचे डोंगर पाहिलेत, म्हणजे विषयाचा अभ्यास झालेलाच आहे. तिथल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं १९७१ साली. त्याआधी १९५९ मध्ये पुरुषांनी मतदान करून 'नको' सांगितलं होतं. एका कँटनातले, म्हणजे तिथल्या एका राज्यातले पुरुष तर १९९० पर्यंत स्थानिक कारभारात बायकांना घ्यायला तयार नव्हते, शेवटी कोर्टाला सांगावं लागलं. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत बायका रांगेत. हे मोठ्याने सांगा आणि लगेच चहा मागवा. कारण गोष्ट तिथे संपत नाही. त्या वेळी मतदारयादी करणाऱ्यांना कित्येक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी सुमारे २८ लाख नावं गाळली. कोणी हे काढलंच, तर त्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या म्हणा. आपल्याकडे असं चालत नाही.

स्वीडन मात्र जपून. आमच्या बाराव्या मजल्यावरचे काका स्टॉकहोमला मुलाकडे चार महिने राहून आले. मुलगा बाळासाठी रजा घेऊन घरी बसला होता, ऑफिसात त्याला कोणी हसत नव्हतं, आणि संध्याकाळी बागेत बाबागाड्या ढकलणारे पुरुषच पुरुष. काकांनी हे सगळं आजाऱ्याची हकिकत सांगावी तसं हळू आवाजात सांगितलं. मग कारणमीमांसा झाली. थंडी फार, हे एक. लोकसंख्या कमी, हे दुसरं. 'मुळात ती माणसंच वेगळी', हे तिसरं आणि सर्वमान्य. टाळ्या याच कारणाला पडतात, कारण ती माणसंच वेगळी असली की आपल्याला काही करायला नको.

खरं कारण इतकं नीरस आहे की क्लबहाउसमध्ये उच्चारलं तर लोक फोन बघायला लागतात. स्वीडनने १९७१ मध्ये नवरा-बायकोचा आयकर वेगळा केला, १९७४ मध्ये बाळंतपणानंतरची रजा बापालाही दिली. पुढे पाहिलं तर बाप घेतच नव्हते. तीच वेगळी माणसं बरं का. मग रजेचा काही भाग असा ठेवला की बापाने घेतला तर घेतला, नाहीतर बुडाला. आज दोघांत मिळून ४८० दिवस, त्यातले प्रत्येकाचे ९० दुसऱ्याला देता येत नाहीत. फुकट जाणारी रजा कोण सोडतो? बाप बागेत आले ते असे. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने आईला २६ आठवडे पगारी रजा मिळाली. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस. खासगी नोकरीतल्या बापाला साहेबाच्या मर्जीने पेढे वाटण्यापुरती. हा हिशेब चुकूनही मांडू नका. पुरोगामीपणा रक्तात असतो असंच म्हणत राहा. तो रजेच्या नियमात असतो म्हणालात तर उद्या घरात कोणीतरी विचारेल, की मग तुम्ही कधी टाकताय रजा?

आइसलँडचं तर नावच काढू नका. २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या सुमारे ९० टक्के बायकांनी कामं थांबवली, ऑफिसातली आणि घरातलीही. बाप पोरं घेऊन कामावर गेले. पाच वर्षांनी, १९८० मध्ये, त्या देशाने विग्दिस फिन्बोगादोत्तिर या बाईंना राष्ट्राध्यक्ष निवडलं. आमच्याकडे गेल्या महिन्यात सी विंगमधल्या तीन कामवाल्यांनी एकाच दिवशी दांडी मारली, तर दुपारपर्यंत ग्रुपवर शंभरच्या वर मेसेज आणि एक ठराव: यापुढे मावश्यांनी सुट्टी आठ दिवस आधी कळवावी. एवढ्यावर निभावलं कारण घरोघरच्या बायका घरी होत्या, त्यांनी भांडी घासली. म्हणून माझा कळकळीचा सल्ला आहे, मावशी आणि बायको यांची सुट्टी एका दिवशी येऊ देऊ नका. देश त्या दिवशी पुढे जाण्याची भीती असते.

जातीधर्माबाहेरच्या लग्नाला तुमचा पाठिंबा असू द्या. दुसऱ्याच्या मुलीच्या असेल तर जाहीर असू द्या. आपल्या मुलीच्या बाबतीत घाबरायचं कारण नाही, १९५४ चा विशेष विवाह कायदा मदतीला आहे. त्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. लातूरच्या मामाला यायला एक रात्र पुरते. सरकारने महिना दिला आहे.

लिफ्टचा उल्लेख टाळा. आमच्याकडे तीन आहेत. तिसरी सामान, कुत्री, मावश्या आणि डिलिव्हरीवाल्या पोरांसाठी. यात भेदभाव नाही, असं सेक्रेटरींनी लेखी कळवलं आहे. याच ठाण्यात १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी आली तेव्हा डब्यात कोण कोणाशेजारी बसणार म्हणून लोक हवालदिल झाले होते, असं म्हणतात. त्यांना तिसरी लिफ्ट सुचली नाही, बिचारे.

परवाच्या शनिवारी चर्चा 'आपण कोणाहून कमी नाही' इथपर्यंत सुखरूप पोचली होती. तेवढ्यात सेक्रेटरींना आठवलं की कमिटीच्या निवडणुकीत महिलांच्या राखीव जागेसाठी अर्ज आलेलाच नाही. बाराव्या मजल्यावरच्या काकूंचं नाव भरू, असं एकमताने ठरलं. काकू वर होत्या, ते सोयीचंच होतं. मीटिंगला काका येतातच, तेव्हा अडचण काहीच नव्हती.

"काकूंचं नाव काय हो?" सेक्रेटरींनी पेन उघडलं.

आम्ही अकरा जण. कोणाच्या फोनमध्ये 'बी १२०४ काकू', कोणाच्या 'उकडीचे मोदक', माझ्या फोनमध्ये 'काका घरचा'. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

"कागदावर कुठलं आहे बघायला पाहिजे," काका म्हणाले. "माहेरचं वेगळं होतं, लग्नात आम्ही बदललं. बँकेत एक आहे, आधारवर बहुतेक दुसरं."

फोन लावला, काकूंनी उचलला नाही. कुकर लावला असेल, काका म्हणाले. मग खजिनदारांनी कपाटातून बी १२०४ ची फाइल काढली. काकांनी नौपाड्यातली जुनी जागा विकून हा फ्लॅट २०२२ मध्ये घेतला. नुसत्या बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते, कोटीला लाख रुपये. खजिनदारांनी इंडेक्स टू वर, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या कागदावर, बोट ठेवून नाव वाचलं, माहेरचंच होतं. मग बोट तिथेच ठेवून त्यांनी ते पुन्हा वाचलं.

"अहो, पण मालक तर याच आहेत. तुमचं नाव कुठेच नाही. मग तुम्ही चार वर्षं मत कसलं देताय?"

काका म्हणाले, "चहा गार होतोय."