‘ती पत्रं म्हणजे नुसतं नाटक’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. ट्रस्टवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: अमेरिकेत दरवर्षी प्रत्येक घेणाऱ्याला १९,००० डॉलर करमुक्त देता येतात, मग अपरिवर्तनीय ट्रस्टमध्ये (एकदा केला की देणाऱ्याला सहज मोडता न येणारा ट्रस्ट) पैसे टाकताना मुलांना ‘तुम्ही हे पैसे काढू शकता’ अशी पत्रं कशाला? ‘पैशाला हात लावायचा नाही, असं मुलांना आधीच बजावलंय,’ असंही तुम्ही लिहिलंत. शिवाय मर्यादेपेक्षा जास्त दिलं की कर बसतो, हे लेखातलं माझं वाक्य चूक असल्याचं दाखवलंत.

त्या वाक्याबद्दल तुमचंच बरोबर. मर्यादा ओलांडली म्हणून लगेच खिशातून कर जात नाही. पुढच्या १५ एप्रिलपर्यंत फॉर्म ७०९, म्हणजे भेटींचं विवरणपत्र, भरायचं आणि जास्तीची रक्कम आयुष्यभराच्या सवलतीतून वजा होते. २०२६ मध्ये ही सवलत प्रत्येक देणाऱ्यामागे १ कोटी ५० लाख डॉलर आहे. ती संपली तरच ४० टक्के कर, तोही देणाऱ्याने भरायचा. लेखात दुरुस्ती केली आहे.

पत्रांबाबत मात्र मी ठाम आहे. ते १९,००० डॉलर सुटतात, कारण घेणाऱ्याला ते आजच वापरता येतात. मुलीच्या खात्यात थेट टाकलेत तर प्रश्नच नाही. पण ट्रस्टमध्ये टाकलेत आणि तिला ते तिशी उलटल्यावर मिळणार असतील, तर कायद्याच्या दृष्टीने ती भविष्यातली भेट. अशा भेटीला १९,००० डॉलरची ही वार्षिक सूट अजिबात नाही, पहिल्या डॉलरपासून फॉर्म ७०९ भरावा लागतो.

यातून वाट निघाली १९६८ साली, क्रमी खटल्यात. त्या ट्रस्टमध्ये मुलांना टाकलेले पैसे मागून घेण्याचा हक्क दिला होता. त्यातली काही मुलं अल्पवयीन होती, ती पैसे मागतील अशी शक्यता फारशी नव्हती. तरी नवव्या सर्किटच्या (अमेरिकेतल्या एका विभागाच्या) अपील न्यायालयाने सूट मान्य केली: मागण्याचा कायदेशीर हक्क आहे ना, मग पुरे. म्हणजे ‘मुलं काढणारच नाहीत’ हा तुमचा मुद्दा न्यायालयासमोर येऊन गेलेला आहे.

पण हक्क खरा हवा. १९८१ च्या एका निर्णयात आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) सूट नाकारली, कारण ट्रस्ट झाला २९ डिसेंबरला, हक्क संपला ३१ डिसेंबरला आणि लाभार्थ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून पत्र, आणि म्हणून पैसे काढायला साधारण ३० दिवसांची मुदत.

आता सांगा, मुलांना आधीच बजावून ठेवणं कशात बसतं? हक्क द्यायचा आणि तो वापरायचा नाही असं आधीच ठरवून घ्यायचं, यावरच आयआरएस बोट ठेवतं. तुमच्या प्रतिक्रियेतल्या त्या एका वाक्याने मला खरंच काळजी वाटली. मुलांना ट्रस्ट कशासाठी आहे ते जरूर समजावा, पण काढायचे की नाही हे त्यांच्यावर सोडा. एखाद्याने खरंच काढले तर ते त्याचे. ही जोखीम पटत नसेल, तर सूट सोडून द्या आणि सरळ फॉर्म ७०९ भरा. त्यात काही गैर नाही.

या वर्षीची पत्रं अजून गेली नसतील तर ती ट्रस्टीकडूनच जाऊ द्या. मुलांच्या सहीची पोच फाइलला लावा आणि ट्रस्टमधून विम्याचा हप्ता भरायचा असेल तर मुदत संपेपर्यंत त्या पैशाला हात लावू नका.