मत बरोबरच होते, अंगण वाकडे निघाले

समजा, तुम्ही अमेरिकेच्या सिनेटवर निवडून आला आहात, व्हाइट हाउसमध्ये मुक्कामाला जाण्याची इच्छा मनात घर करून आहे आणि ऑक्टोबर २००२ मध्ये इराकविरुद्ध लष्करी बळ वापरण्याचा अधिकार अध्यक्ष बुश यांना देणारा ठराव तुमच्यापुढे आला आहे. निवडणूक ५ नोव्हेंबरला आहे. अशा वेळी विवेकाला विचारत बसू नये. त्याला मतदारसंघ नसतो.

इराकच्या शस्त्रांविषयी गुप्तचर खात्यांचा सुमारे ९० पानांचा अहवाल तुमच्यासाठी बंदोबस्तातल्या खोलीत ठेवलेला असेल. तिकडे फिरकू नये. सारांशाच्या पाच पानांपलीकडे गेलेले सिनेटर सहापेक्षा जास्त नव्हते, असे पुढे वृत्तपत्रांत छापून आले, तेव्हा तुम्हाला एकटे वाटण्याचे कारण नाही. इराकने मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अणुबाँबसाठी आहेत, हे ऊर्जा आणि परराष्ट्र खात्यांतल्या तज्ज्ञांना पटलेले नाही, अशा मन विचलित करणाऱ्या गोष्टी त्या आतल्या पानांत असतात. फ्लोरिडाचे बॉब ग्रॅहम यांनी, गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष असूनही, तो अहवाल वाचला आणि ठरावाच्या विरोधात मत देऊन बसले.

मत देताना भाषण मात्र लांबलचक करावे आणि त्यात हे मत युद्धाला नसून राजनैतिक प्रयत्नांना बळ देण्यासाठी आहे, असे ठणकावून सांगावे. ठरावाच्या नावातच ‘लष्करी बळाचा वापर’ हे शब्द आहेत, याकडे कानाडोळा करावा. आधी संयुक्त राष्ट्रांची संमती घ्यावी, अशी दुरुस्ती सिनेटर कार्ल लेव्हिन मांडतील. ती ७५ विरुद्ध २४ मतांनी फेटाळली जाईल, आणि मूळ ठराव ७७ विरुद्ध २३ असा मंजूर होईल. ७७ जणांच्या गर्दीत तुमचा हात कोणाला वेगळा दिसणार आहे?

आता सगळ्यात मोलाचा शब्द ऐका: अंमलबजावणी. साप साप म्हणून भुई धोपटली आणि साप निघालाच नाही, तर भुई धोपटण्याच्या पद्धतीवर टीका करावी. या टीकेला सामग्रीची वाण पडणार नाही. एप्रिल २००३ मध्ये बगदादचे संग्रहालय लुटले जात असताना अमेरिकी सैनिक तेल मंत्रालयावर पहारा देत होते. मे महिन्यात इराकचा कारभार पाहणारे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकी सैन्यच बरखास्त केले आणि शस्त्रे हाताळता येणारी लाखो माणसे एका आदेशासरशी बेकार झाली. हे सारे तुमच्या बाकापासून सुमारे दहा हजार किलोमीटरवर घडले, आणि तुमच्या मतासारखे ते कोणी तुमच्या अंगाला चिकटवू शकत नाही. जवळपास ४,५०० अमेरिकी सैनिक आणि लाखाहून अधिक इराकी नागरिक मारले गेले, तो हिशेबही अंमलबजावणीच्याच खात्यावर मांडावा.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. इराक ताब्यात ठेवायला काही लाख सैनिक लागतील, असे लष्करप्रमुख जनरल एरिक शिन्सेकी यांनी २५ फेब्रुवारी २००३ रोजी, म्हणजे हल्ल्याच्या तीन आठवडे आधी, चक्क सिनेटच्याच समितीपुढे सांगितले होते, आणि दोनच दिवसांत उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी तो अंदाज वास्तवाला सोडून असल्याचे जाहीर केले होते. अशा वेळी कोण खरे बोलतो, याची चौकशी करू नये. दोष आधीच कळून चुकले, तर नंतर धक्का बसल्याचा चेहरा कसा करणार?

पैशाच्या मतदानात मात्र तळ्यात-मळ्यात खेळताना तोल सांभाळावा. बुश यांच्याविरुद्ध अध्यक्षपदाला उभे राहिलेले सिनेटर जॉन केरी यांनी युद्धखर्चाच्या ८७ अब्ज डॉलरच्या विधेयकाबद्दल आपण विरोधात मत देण्याआधी बाजूने मत दिले होते, असे २००४ मध्ये प्रामाणिकपणे सांगून टाकले आणि बुश यांच्या प्रचाराला आयती जाहिरात मिळाली. इतके खरे बोलू नये.

चूक कबूल करण्याची घाई तर मुळीच नको. ठरावाला होकार दिलेल्या जॉन एडवर्ड्स यांनी २००५ मध्येच तशी कबुली दिली. त्यांना त्यातून काही मिळाले नाही. होकार दिलेल्याच हिलरी क्लिंटन यांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीची २००८ ची सारी प्रचारमोहीम ती कबुली न देता रेटली, आणि ठरावाच्या वेळी सिनेटमध्येच नसलेल्या, म्हणजे मत देण्याची वेळच न आलेल्या बराक ओबामांकडून हरल्या. अखेर २०१४ मध्ये त्यांनी पुस्तकात चूक मान्य केली. बारा वर्षे हा बरा अवधी आहे, आणि पुस्तक ही बरी जागा.

तेव्हा धीर सोडू नये. त्या ७७ जणांपैकी डेलावेअरचे जो बायडन २०२१ मध्ये व्हाइट हाउसमध्ये राहायला गेले. त्या २३ जणांपैकी कोणीही गेले नाही.