कृष्णविवरावरच खापर का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दीर्घिकासमूहांच्या (गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या दीर्घिकांच्या) केंद्रातल्या तप्त वायूवर मी लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकांनी खरमरीत प्रतिक्रिया दिली आहे. तिचा मथितार्थ असा: ‘वायू निवायला हवा होता, निवालेला सापडला नाही. मग सिद्धांत चुकला असं सरळ म्हणायचं सोडून “मधल्या दीर्घिकेतलं कृष्णविवर त्याला तापवतं” हे ठिगळ कशाला? जे सगळं गिळतं ते तापवणार कसं?’

प्रश्न रोखठोक आहे, आवडला. पण यात एक गल्लत आहे. वायू उष्णता गमावतो हे गृहीतक नाही, ते दिसतं. कोट्यवधी केल्विन तापमानाचा हा वायू क्ष-किरणांत चमकतो, आणि त्या किरणांतून जाते ती त्याचीच उष्णता. इलेक्ट्रॉन आयनाजवळून (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूजवळून) जाताना वळतो तेव्हा हे किरण निघतात. त्यामुळे घनता दुप्पट झाली की तेवढ्याच जागेतून निघणारी ऊर्जा चौपट होते. म्हणून समूहाच्या कडेचा वायू निवायला विश्वाच्या वयाहून जास्त काळ लागतो, तर केंद्रात बऱ्याचदा 100 कोटी वर्षंही लागत नाहीत. हा हिशेब 1977 पासून मांडला जातोय. त्यानुसार मोठ्या समूहांत वर्षाला शेकडो सूर्यांइतका वायू थंड व्हायला हवा.

तो झाला नाही हे कळलं 2001 च्या सुमारास, एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या वर्णपटांतून. सोळा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह साधारण 50 लाख केल्विनला ठळक रेषा देतं. निवता वायू या पायरीवरून गेल्याशिवाय खाली उतरूच शकत नाही. अबेल 1835 सारख्या समूहांत त्या रेषा अपेक्षेच्या मानाने फारच फिक्या निघाल्या. म्हणजे उष्णता जाते आहे, पण तापमान त्या प्रमाणात उतरत नाही. भरपाई कुठून तरी होतेच आहे.

आणि संशयित काही एकटं कृष्णविवर नव्हतं. बाहेरच्या जास्त गरम वायूतून वहनाने उष्णता आत येते का, हेही तपासलं गेलं. पण वहन तापमानावर इतकं अवलंबून असतं की जिथे वायू आधीच कमी गरम आहे आणि गरज सर्वांत जास्त, तिथेच ते लंगडं पडतं.

आता ‘गिळण्या’बद्दल. वायू आत पडतानाच त्याच्या ऊर्जेचा काही भाग झोतांच्या रूपाने बाहेर फेकला जातो, तोही घटनाक्षितिजाच्या (जिथून काहीच परत येत नाही त्या सीमेच्या) बाहेरूनच. ययाती समूहाचं (पर्सियस) चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने घेतलेलं चित्र बघा. मधल्या एनजीसी 1275 दीर्घिकेच्या दोन बाजूंना क्ष-किरणांत काळ्या दिसणाऱ्या पोकळ्या आहेत, आणि रेडिओ दुर्बिणीतून पाहिलं तर त्याच जागा उजळलेल्या. झोतांनी गरम वायू बाजूला सारून तिथे बुडबुडे फुगवलेत. भोवतीच्या वायूचा दाब गुणिले पोकळीचं आकारमान यावरून लागलेल्या ऊर्जेचा अंदाज येतो. बुडबुडा वर तरंगायला लागलेल्या काळाने तिला भागलं की मिळते शक्ती. अनेक समूहांत ही शक्ती केंद्रातून वाया जाणाऱ्या उष्णतेच्या तोडीची निघाली. ठिगळ असं मापात बसत नाही.

उलट फिनिक्स समूह बघा. तिथे तापवणं मागे पडलेलं दिसतं, आणि मधल्या दीर्घिकेत वर्षाला शेकडो सूर्यांच्या वस्तुमानाचे तारे घडताहेत. वायू मोकळेपणाने निवला तर काय होतं, त्याचा हा जवळजवळ नमुनाच.

तुमचा आक्षेप खरा बोचतो तो वेगळ्या ठिकाणी. झोत दोनच दिशांना जातात, मग ऊर्जा चहूकडे पसरते कशी? ययातीत ध्वनिलहरींसारखी वलयं दिसली आहेत, शिखराशिखरांत सुमारे 35,000 प्रकाशवर्षं अंतर. काहींचा भर खळबळीवर, म्हणजे वायूच्या अस्ताव्यस्त घुसळणीवर आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये सोडलेल्या हितोमी या क्ष-किरण उपग्रहाने महिन्याभरात निकामी होण्याआधी ययातीतली खळबळ मोजली: सेकंदाला सुमारे 164 किलोमीटर. एवढ्या संथ खळबळीने बुडबुड्यांपासून दूरवर वेळेत उष्णता पोचवणं मला तरी अवघड वाटतं. माझा कल लहरींकडे आहे, पण पैज लावणार नाही. 2023 मध्ये अवकाशात गेलेला एक्सरिझम हा क्ष-किरण उपग्रह आता हेच मोजमाप एकेका समूहात करतोय.