काळा धूर म्हणजे ताकद नव्हे

आंब्याचा हंगाम लागला की गॅरेजला एकच मागणी सुरू होते. "गाडी आंबा घाटात दम टाकते, जरा डिझेल वाढवून द्या." जुनी पिकअप असेल तर इंजिनाच्या पंपातून जास्त डिझेल सोडायचं. नवी असेल तर मॅप टाकायचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलायचं, ईजीआर (जळका वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करायचा, डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) पोकळ करून सायलेन्सर सरळ करायचा. रोज पोटापाण्यासाठी घाट चढणारी ही माणसं आहेत, हौसेखातर विचारत नाहीत. रत्नागिरीहून मासळी किंवा हापूस भरून कोल्हापूरला यायचं म्हणजे साखरप्यापासून सगळी चढण भरल्या गाडीनं काढायची, आणि पहाटेच्या लिलावाला उशीर झाला की भाव पडलेला असतो. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. मी डिझेलचंच काम करतो आणि असलं काम घेत नाही.

आधी धुराचं. एक किलो डिझेल जळायला साधारण 14.5 किलो हवा लागते, पण हा झाला पुस्तकी हिशोब. फवारा आणि हवा मिसळायला इंजिनात वेळच मिळत नाही, म्हणून फुल लोडलाही 18 ते 20 किलो हवा द्यावी लागते. त्याच्या पलीकडे डिझेल ओतलं की थोडी ओढ वाढते, हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण बाकीचं डिझेल अर्धवट जळून काजळी होऊन बाहेर पडतं. मागे काळा लोट सुटला की ड्रायव्हर खूष होतो, गाडी 'मोकळी' झाली म्हणतो. तो लोट पंपावर रोख पैसे मोजून घेतलेल्या डिझेलचा आहे.

जुन्या पंपाला स्क्रू अर्धा फेरा दिला की काम होतं. नव्या कॉमन रेल गाडीला, म्हणजे जिथं एकाच नळीतून सगळ्या नोझलना मोठ्या दाबानं डिझेल जातं, काही जण बाजारातला डबा लावतात. हा डबा रेल प्रेशरच्या, म्हणजे त्या नळीतल्या दाबाच्या, सेन्सरचा आकडा कमी करून दाखवतो. ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं प्रेशर पडलंय, मग तो ते आणखी चढवतो. म्हणजे इंजिनाची काळजी घेणाऱ्यालाच आपण खोटं सांगतो. आणि हे कुठं? घाटात. हायवेला ओव्हरटेक करताना दहा-पंधरा सेकंद जोर लागतो, घाटात मात्र दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कितीतरी वेळ पाय दाबलेलाच असतो. जादा डिझेलची उष्णता साठत जाते. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो, आणि शुद्ध अॅल्युमिनियम 660 अंशाला वितळतं. अशा गाडीचा पिस्टन मी हातात घेऊन पाहिलाय. वरच्या वाटीचा काठ जिथं फवारा आदळतो तिथं मेणासारखा ओघळलेला, आणि बाजूला रिंगपर्यंत गेलेली चीर. फुल इंजिनाचा खर्च आला. मॅप टाकणाऱ्यानं तोवर फोन उचलणं बंद केलं होतं.

'ओढत नाही' म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना मुळात ताकद वाढवायची गरजच नसते, कंपनीनं दिलेली ताकदच कुठंतरी गळत असते. टर्बोकडून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरकडं (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारा होजपाइप बघा. क्लॅम्पच्या खाली बारीक चीर असते, गाडी उभी असताना ती दिसत नाही. अंगठ्यानं दाबलं की तोंड उघडतं, आजूबाजूला तेलकट धूळ चिकटलेली असते. लोडवर बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, आला की हवा तिथूनच निघून जाते, मग गाडी मरगळते आणि काळा धूरही ओकते. अशा गाडीला डिझेल वाढवलं तर काय होणार? हवा आधीच कमी पडतेय, त्यात वर आणखी डिझेल. तसंच एअर फिल्टरचं. चिऱ्याच्या खाणीवर जाणाऱ्या गाडीचा फिल्टर लाल मातीनं गच्च भरलेला असतो, आणि मालक नोझलवर संशय घेतो.

आता ईजीआर. याबद्दल गाडीवाल्यांचा एक मुद्दा असतो आणि तो बिनबुडाचा नाही. "बंद केल्यावर धूर उलट कमी होतो, पीयूसीही पास होते, मग प्रदूषण कुठं वाढलं?" काजळी कमी होते, बरोबर. पण ईजीआर थोडा जळका वायू परत आत सोडतो तो आतलं तापमान खाली ठेवायला. तो बंद केला की तापमान चढतं आणि हवेतल्याच नायट्रोजन-ऑक्सिजनपासून नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, छातीला मात्र बाधतात, आणि उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. आपली डिझेलची पीयूसी फक्त धुराचा दाटपणा मोजते, हे ऑक्साइड मोजतच नाही. त्यामुळं पीयूसी पास झाली म्हणजे गाडी स्वच्छ, असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2012 साली डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हा धूर सगळ्यात आधी कुणाच्या नाकात जातो? मार्केट यार्डात गाडी चालू ठेवून माल उतरवतात तेव्हा मागच्या फळक्याला उभ्या असलेल्या हमालाच्या.

कुणी म्हणतं कंपन्याच चोर आहेत, आम्हालाच शहाणपण का शिकवता. चोरी झालीय, हे खरं आहे. अमेरिकेत कमिन्सनं रॅम पिकअपच्या सहा लाखांहून जास्त इंजिनांत प्रदूषणाच्या चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर घातल्याचा आरोप झाला आणि कंपनीनं 1.675 अब्ज डॉलरचा दंड कबूल केला. पण त्याच अमेरिकेत मालकांनी आणि गॅरेजवाल्यांनी काय केलं तेही बघा. तिथल्या पर्यावरण खात्यानं 2020 साली अंदाज काढला, की साधारण दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली. तिकडं मुद्दाम काळा लोट सोडत फिरायची फॅशन आहे, त्याला 'रोलिंग कोल' म्हणतात. सायकलवाल्याच्या तोंडावर धूर सोडून व्हिडिओ काढतात. आपल्याकडंही रील्सवर ते दिसायला लागलंय, आणि वीस-बावीस वर्षांची पोरं बापाच्या कर्जाच्या गाडीवर हे करायला मागतात तेव्हा मला खरंच राग येतो.

कायदा सांगायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागं 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वॉरंटी जाते ती वेगळीच.

डीपीएफबद्दल मात्र गाडीवाल्यांची बाजू मला पटते. त्यात साठलेली काजळी जाळायला 600 अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे गाडी काही वेळ एका लयीत पळायला हवी. गावोगाव थांबत दूध गोळा करणाऱ्या पिकअपला ते जमणार कसं? दर अर्ध्या किलोमीटरला ब्रेक, कॅन चढवायचे, पुन्हा पहिला गिअर. डॅशबोर्डवर डीपीएफची बत्ती लागते, गाडी लिंप मोडला जाते म्हणजे आपणहून ताकद कमी करते, धंदा बुडतो, आणि बदलायचा खर्च ऐकून माणूस हबकतो. मग कुणीतरी 'उडवून टाक' म्हणतो. विकताना हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. बत्ती लागली की त्याच दिवशी वीस-पंचवीस मिनिटं हायवेला सलग पळवा, कमी राखेचं जे इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला, एवढं जरी गाडी ताब्यात देताना मराठीत नीट सांगितलं तरी निम्मे डीपीएफ वाचतील.

आणि पासिंग दीड टनाचं असताना अडीच टन भरायला लावणारे व्यापारी. भाडं खेपेवर ठरतं, म्हणून एका खेपेत जास्त माल. इंजिन कमी पडत नाही, भाडं कमी पडतंय. गाडीवाल्यांच्या संघटनांनी वजनावर भाडं मागायला हवं.

आरटीओकडं माझं एक मागणं आहे. मालवाहू गाडी पासिंगला येते तेव्हा नुसता धूर मोजून सोडू नका. खाली वाकून डीपीएफच्या डब्यावर नवीन वेल्डिंग आहे का बघा, स्कॅनर लावून ईजीआर हलतो का बघा. मोजून पाच मिनिटांचं काम आहे. ज्याची गाडी पोकळ निघेल त्याला आधी विचारा, हे काम कुठं करून घेतलं, आणि त्या दुकानात जा.