चॅसिस नंबरात हीटर लिहिलेला नसतो

धुळे-जळगावकडच्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये गेले काही महिने एक संदेश फिरतोय. मला तो चार वेगवेगळ्या माणसांकडून आला. मजकूर साधारण असा: "जुन्या स्पोर्ट्स गाडीचा चॅसिस नंबर वाचता आला की कारखान्यातून तिला काय काय बसवून पाठवलं होतं ते सगळं कळतं. शंका उरलीच तर त्या वर्षाचं माहितीपत्रक बघा. इंजिन नंबर जुळला आणि पार्टवर मूळ कंपनीचं नाव असलं की गाडी शंभर टक्के ओरिजिनल. व्हीए नंबर, म्हणजे जुन्या गाड्यांच्या खास सरकारी मालिकेतला नंबर, मिळाला की सरकारचाही शिक्का."

यातलं एकही वाक्य टिकत नाही. त्यावर विसंबून माणसं पत्रा घासतायत, जुने भाग भंगारात देतायत, आणि घासलेला रंग परत येत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो. उदाहरण आमच्या मामांच्या १९६५ च्या एमजीबीचं, म्हणजे एमजी कंपनीच्या इंग्रजी स्पोर्ट्स गाडीचं देतो, कारण ती आतून-बाहेरून मी पाहिलेली आहे.

"चॅसिस नंबरावरून सगळं कळतं." एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला तयार झाली. मामांच्या गाडीच्या पाटीवर सुरुवातीला "जीएचएन ३" आहे. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १४०० ते १९९९ सीसीच्या गटातलं इंजिन, एन म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी, ३ ही मालिका. बंद टपाच्या जीटीला एनच्या जागी डी येतो, डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला ३ नंतर एल लागतो. त्यानंतर नुसता क्रमांक, जो १०१ पासून सुरू झाला. संपलं. रंग त्यात नाही, चाकं नाहीत, हीटर नाही. सतरा अक्षरी नंबराची पद्धत अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून ठरली, तेव्हा एमजीबी बंद झालेली होती. आणि त्या सतरा अक्षरांतही ग्राहकाने मागितलेल्या जादा सामानाची यादी नसते.

उलट, इंजिन नंबरातल्या ज्या अक्षरांकडे कोणी बघत नाही त्यांत थोडी माहिती असते. इंजिनच्या ब्लॉकवर रिव्हेटने एक छोटी पाटी बसवलेली असते. १९६५ च्या गाडीवर तिथे "१८जीबी-यू-एच" असेल तर साधा गिअरबॉक्स, "१८जीबी-आरयू-एच" असेल तर ओव्हरड्राइव्हवाला, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी जादा जोडणी असलेला. शेवटचा एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन. ओव्हरड्राइव्ह त्या काळी जादा पैसे भरून घ्यावा लागे, त्यामुळे हे एक अक्षर मोलाचं आहे. मात्र ते त्या इंजिनाबद्दल सांगतं. इंजिनच बदललेलं असेल तर गाडीबद्दल काहीच सांगत नाही.

"इंजिन नंबर जुळला की झालं." कशाशी जुळला? बहुतेक जण आरसी बुकाशी जुळवतात. आरसी बुकात इंजिन बदलल्यावर नवा नंबर चढवता येतो, म्हणजे बदललेलं इंजिनही बुकाशी व्यवस्थित जुळतं. एमजीची मालक बीएमसी कंपनी स्वतःच दुरुस्त केलेली बदली इंजिनं विकायची, सोनेरी रंगाची, गोल्ड सील नावाची. आपल्याकडे तर घरचाच मार्ग होता. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातलं. परदेशी सुटे भाग मिळत नव्हते त्या वर्षांत ज्या मिस्त्रींनी ॲम्बेसेडरच्या सामानावर अशा गाड्या चालत्या ठेवल्या, त्यांना मी दोष देणार नाही. त्यांच्यामुळेच त्या आज उभ्या आहेत. पण ती कारखान्याची जोडणी नव्हे. रंगाचंही तसंच. मामांच्या आरसी बुकात लाल लिहिलंय. डॅशबोर्डमागे आणि दाराच्या आतल्या पॅनलखाली मात्र पिवळसर पांढरा निघाला, ज्याला कंपनी ओल्ड इंग्लिश व्हाइट म्हणायची.

"पार्टवर कंपनीचं नाव पुरेसं आहे." लुकास हे विजेचे भाग बनवणाऱ्या इंग्रजी कंपनीचं नाव डायनॅमोवर, स्टार्टरवर, डिस्ट्रिब्यूटरवर दिसतं म्हणून लोक हरखतात. लुकास-टीव्हीएस १९६१ पासून आपल्याच देशात आहे, तेव्हा नाव बघून थांबू नका. जुन्या लुकास भागांच्या अंगावर आठवडा आणि वर्ष ठोकलेलं असतं. "१० ६५" म्हणजे १९६५ चा दहावा आठवडा. भागाची तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची हवी. नंतरची असेल तर तो भाग मागाहून आलेला, त्यावर वाद नाही.

"शंका उरली तर माहितीपत्रक बघा." माहितीपत्रक काय मिळू शकत होतं ते सांगतं. तुमच्या गाडीला काय मिळालं ते सांगत नाही. याच चुकीची किंमत आमच्या घराने मोजली. माहितीपत्रकात तारांची चाकं दिसली, तशी मामांनी बसवून घेतली. मूळची पत्र्याची पाच चाकं त्या गॅरेजवाल्याने परस्पर भंगारात दिली. पुढे मी गाडीखाली शिरलो तेव्हा कळलं की चाकं मूळ हबवर बोल्टने घट्ट केलेल्या अडॅप्टरवर बसलीत. कारखान्याने तारांची चाकं दिलेल्या एमजीबीला मागचा ॲक्सलच वेगळा असतो, थोडा अरुंद, टोकाला दातेरी हब असलेला. मामांच्या गाडीला रुंद ॲक्सल आहे. तिला तारांची चाकं कधी नव्हतीच. अडॅप्टरने चाकं आणखी बाहेर आली, ती मडगार्डला घासायची.

हीटरचं प्रकरण याहून शिकवणारं. तेव्हा एमजीबीला हीटर जादा पैसे देऊन मिळायचा. मामांच्या गाडीत तो नव्हता आणि सगळ्यांनी धरून चाललं की गरम देशासाठी विनाहीटर पाठवली असणार. आखाजीच्या दिवसांत आमच्याकडचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना ते लगेच पटतं. विनाहीटर गाडीला कारखाना बोनेटखालची ती जागा आपल्या झाकणाने बंद करायचा. आमच्या गाडीला तिथे हाताने कापलेला पत्रा होता, लांबी (पुट्टी) भरून रंगवलेला. रंगकाम सुरू होणार त्याच्या आदल्या दिवशी धुळ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी त्यावर नख मारलं आणि म्हणाले, "हाऊ पत्रा नंतर लायेल शे, भाऊ." मग डॅशबोर्डमागे हात घातला, तर हीटरच्या केबलचे कापलेले तुकडे तसेच लोंबत होते. सिलिंडर हेडवरची हीटरकडे जाणारी पाण्याची वाटसुद्धा घरगुती तुकड्याने बुजवलेली. हीटर होता. इथल्या उन्हाला कंटाळून कोणीतरी काढून टाकला होता. एक दिवस उशीर झाला असता तर ही साक्ष नव्या रंगाखाली कायमची गेली असती.

"व्हीए नंबर म्हणजे सरकारचा शिक्का." २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाडीला व्हीए मालिकेत नोंद मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. गाडी मूळ रूपात हवी असं नियम म्हणतो, पण तो बोलतो चॅसिस, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या फेरफारांबद्दल. हीटर, चाकं, ओव्हरड्राइव्ह तिथे कोणी तपासत नाही, आणि तो त्यांचा विषयही नाही.

मग विचारायचं कुणाला? ॲबिंग्डनची उत्पादन-नोंदवही टिकून आहे. इंग्लंडात गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून त्या नोंदीवरून दाखला मिळतो: तयार झाल्याची आणि पाठवल्याची तारीख, मूळ इंजिन नंबर, रंग, आतलं कापड, कारखान्यात बसवलेलं जादा सामान. पोर्शेच्या जुन्या गाड्यांना कार्डेक्स नावाची नोंदकार्डं आहेत, तोच उपयोग. दाखल्यालाही मर्यादा आहे. विक्रेत्याने दुकानात बसवलेला रेडिओ किंवा डिकीवरचं कॅरिअर त्यात येत नाही. म्हणून कागद आणि पत्रा दोन्ही हवेत. मामांच्या दाखल्यात रंग ओल्ड इंग्लिश व्हाइट निघाला. जादा सामानात हीटर होता, तारांची चाकं नव्हती.

हीटरचा डबा पुढे शेतातल्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये सापडला, आत जुने नटबोल्ट भरलेले. तो आता साफ होऊन जागेवर बसलाय. चाकांपैकी दोन परत मिळाली. उरलेली तीन चौदा इंची, चार नटांची, पत्र्याची आहेत. धुळ्याच्या भंगारातून ती कुठे गेली असतील सांगता येत नाही. कुणाच्या खळ्यात किंवा हातगाडीखाली दिसली तर कापू नका, आधी मला कळवा.