परत रूटनेच चालवलाय टॉमकॅट!

अरे किती वेळा सांगायचं, नुसता ८० पोर्ट (वेबसाइटचा नेहमीचा) पाहिजे म्हणून अख्खा टॉमकॅट, म्हणजे जावाची वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर, रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरने, चालवू नका! १०२४ च्या खालचे पोर्ट लिनक्स साध्या युजरला देत नाही हे मान्य, पण म्हणून ॲपमध्ये एक भोक सापडलं की समोरच्याच्या हातात सगळा सर्व्हरच द्यायचा का? आणि निस्तरायचं आम्ही, काल रात्री साडेअकराला बघतो तर कॅटलिनाची (टॉमकॅटचाच मुख्य भाग) लॉग फाइल रूटच्या नावावर, त्यामुळे टॉमकॅट युजरला त्यात लिहिताच येईना, वर्क फोल्डरची पण तीच गत, बसलो एकेक फोल्डरचा मालक बदलत.

त्यात कोणीतरी शहाणपणा करून थेट जावाच्या बायनरीलाच (प्रोग्रामच्या मूळ फाइललाच) सेटकॅप, म्हणजे फाइलला खास परवानगी देणारी कमांड, मारून ठेवलेलं. तसं केलं की लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणारा) सुरक्षेपायी नेहमीचा लायब्ररी पाथ मानत नाही, मग जावाची लिबजेएलआय लायब्ररी सापडत नाही म्हणून जावा उठतच नाही, ते कसंबसं जमवलं तरी ती बायनरी वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला तीच परवानगी, आणि जेडीके (जावाचं पॅकेज) अपडेट झालं की सेटकॅप गायब! आयपीटेबल्सने (लिनक्सच्या फायरवॉलने) ८० वरचं ट्रॅफिक टॉमकॅटच्या ८०८० ला वळवतात तो नियमही सेव्ह करत नाहीत, रीबूट झालं की साइट बंद आणि फोन मला.

सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्याच्या) युनिट फाइलमध्ये युजर टॉमकॅट लिहा आणि खाली ॲम्बियंट कॅपॅबिलिटीजमध्ये कॅप नेट बाइंड सर्व्हिस, म्हणजे १०२४ खालचे पोर्ट घ्यायची तेवढीच परवानगी, बास, दोन ओळी! कर्नलमध्ये ही सोय २०१५ पासून आहे हो, दोन ओळी लिहायला काय जातं तुमचं?