म्हणजे तुमचं विशाखापट्टणम राहिलंच

माझा डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर गेला आहे. ऑफिसात कुणी विचारलं तर मी 'नवीन स्टाइल आहे' म्हणतो. खरं कारण विशाखापट्टणम आहे, पण ते सांगायला लागलो की माझा आवाज चढतो.

मागच्या आठवड्यात आम्ही चौघं तिकडे जाऊन आलो. पाच दिवस, चार रात्री आणि वर्षभर जपून ठेवलेल्या सगळ्या सीएल. परत आल्यावर पहिल्याच रविवारी केस कापायला गेलो. गंगापूर रोडच्या एका गल्लीत तीन खुर्च्यांचं सलून आहे. मधल्या खुर्चीत बसलो, गळ्याभोवती कापड आवळलं गेलं, दोन्ही हात कापडाखाली गेले. अशा अवस्थेत माणूस फार तर शिंकू शकतो, वाद घालू शकत नाही. कारागीर पोरगा गप्पिष्ट. "सर, दिसला नाहीत मागच्या रविवारी?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "विशाखापट्टणमला गेलो होतो."

मागच्या बाकावर पेपरची घडी झाली. आरशात एक चष्मा वर आला.

हे काका आमच्याच कॉलनीतले. आयुष्य लेखापरीक्षणात गेलं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण ऑडिट सुटलेलं नाही, फक्त सरकारी फायली संपल्या म्हणून आता माणसं तपासतात. कुणी भाजी आणली तर भाव विचारतात, आणि कितीही सांगितला तरी "फसलात" म्हणतात. शब्दकोड्यासाठी त्यांच्या खिशाला एक पेन कायम असतं. ते त्यांनी काढलं.

"वा! पाणबुडी पाहिली असेल."

आता या पाणबुडीबद्दल सांगायला हवं. रामकृष्ण बीचवर, अगदी रस्त्याच्या कडेला, आयएनएस कुरसुरा नावाची खरीखुरी पाणबुडी वाळूत आणून ठेवली आहे. 1969 साली नौदलात आली, 2001 साली निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिचं संग्रहालय झालं. लांबी 91 मीटर. आत शिरून खलाशांच्या खोल्या, टॉर्पेडो वगैरे पाहता येतं. विशाखापट्टणमची कुठलीही यादी काढा, पहिलं नाव हेच. आम्ही तिच्यासमोर उभे होतो. सोमवार होता.

"सोमवारी बंद असते ती," मी म्हणालो.

"मग सोमवारी गेलात कशाला?"

"सोमवार शेवटचा दिवस होता. बाहेरून पाहिली. फोटो काढले."

"बाहेरून!" काकांनी पूर्ण सलूनकडे पाहिलं. "पाणबुडी बाहेरून! अहो, फणस बाहेरून पाहून कुणी आलंय का? म्हणजे तुमचं विशाखापट्टणम राहिलंच."

कारागिराने माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला. "काका, सोमवारी तर आपलं दुकान पण बंद असतं."

"तुझी गोष्ट वेगळी. तुला बाहेरून पाहिला तरी चालतो." मग माझ्याकडे वळून, "31 वर्षं नोकरी केली त्या पाणबुडीने. माझी 36 झाली."

मला एवढंच वाटलं की ती निदान सोमवारी तरी बंद असते.

पेपरच्या कोऱ्या कडेला त्यांनी काहीतरी लिहिलं. बहुधा फुली.

"बरं, अराकू?"

इथे मी जरा ताठ झालो. "सर, मान," कारागीर म्हणाला. डोंगरातल्या त्या अराकू खोऱ्यात आम्ही गेलो होतो! थंड हवा, कॉफीचे मळे, वाटेत बोर्रा गुहा. चुनखडीच्या त्या गुहेत इतकं खोल उतरायचं असतं की परत चढताना मला माझं वय एका एका पायरीने कळलं. हे सगळं मी सांगणार होतो.

"रेल्वेने गेलात ना?"

"टॅक्सीने. रेल्वे पहाटेची आहे, पोरांना..."

"58 बोगदे आहेत त्या मार्गावर. 58! काचेच्या छताचा डबा लावतात. आणि तुम्ही टॅक्सीने?"

"गुहा पाहिली की. अख्खी."

"गुहा कुठे पळून जात होती? बोगदे किती पाहिलेत?"

मी गप्प राहिलो. आता यावर खरं म्हणजे बोलता आलं असतं. आम्ही नाशिककर कसारा घाटातून मुंबईला जा-ये करणारी माणसं, बोगद्याचं आम्हाला काय अप्रूप? बोगदा आला की मोबाइलची रेंज जाते आणि कुणीतरी "हॅलो, हॅलो" करतं, एवढंच. ते पाहायला पैसे भरून आंध्रात जायचं? पण काकांनी शून्य लिहून पुढची ओळ सुरूही केली होती.

"सिंहाचलम?"

"झालं! दर्शन अगदी छान झालं."

"मूळ रूपाचं?"

सिंहाचलमच्या वराह लक्ष्मी नरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपात असते. दिसतो तो लेप. मूळ रूप दिसतं ते वर्षातून एकच दिवस, अक्षय्य तृतीयेला. हे आम्हाला तिथल्या पुजाऱ्याने सांगितलं होतं आणि त्याच्या सांगण्यात 'तुम्ही चुकीच्या दिवशी आलात' असा सूर मुळीच नव्हता. नाशिकच्या सलूनमध्ये तो आला.

"म्हणजे तारीख चुकली तुमची," काका म्हणाले. "तिकिटं काढायच्या आधी पंचांग बघायचं."

"तिकिटं स्वस्त कधी होती ते बघितलं, काका."

"हां. तिथेच चुकलं."

मला राग यायला इथे सुरुवात झाली. चार माणसांचं विमानाचं तिकीट काढताना मी तीन रात्री मोबाइलवर जागलो आहे. हल्ली प्रवासाच्या याद्याही अशाच दरडावणाऱ्या असतात. 'न चुकवावी अशी 25 ठिकाणं.' का? चुकवली तर दंड आहे? पाच दिवसांत 25 ठिकाणं म्हणजे दिवसाला पाच, त्यात जेवण, झोप आणि धाकट्याचं पोट बिघडणं धरलेलं नाही. पण मी कुणाला बोलू? आमच्याकडे कोल्हापूरचे पाहुणे आले होते तेव्हा त्यांना मी एका दिवसात रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, मुक्तिधाम आणि त्र्यंबकेश्वर असं फिरवलं होतं. संध्याकाळी पांडवलेण्यांच्या पायऱ्यांशी मेव्हणे बसकण मारून म्हणाले, "आम्ही इथंच बसतो, तुम्ही बघून या." तर मी त्यांना काय म्हणालो असेन? मी त्यांना गौतमी बलश्रीचा शिलालेख, सातवाहन, 24 लेणी असं सगळं सांगितलं आणि "एवढ्या लांब आलात आणि..." हे वाक्यही म्हणालो. ते चढले. नंतर वर्षभर आले नाहीत.

असो. दाढीचा फेस लागला. आता माझं तोंडही बंद.

"थोटलकोंडा?" काका म्हणाले.

मला वाटलं ठसका लागला. पण ते ठिकाणाचं नाव होतं. समुद्राकाठच्या टेकडीवर जुन्या बौद्ध विहाराचे अवशेष आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे आपल्या पांडवलेण्यांच्या पिढीतले. आम्ही गेलो नव्हतो. मी भुवया हलवून 'नाही' सांगितलं.

"ऋषिकोंडा बीच?"

भुवया : हो.

"पोहलात?"

भुवया : नाही.

"डॉल्फिन्स नोज? कैलासगिरीचा रोपवे? अराकूचं बांबू चिकन?"

"शाकाहारी आहेत ते," कारागीर म्हणाला. वस्तरा माझ्या गळ्याशी धरून त्याने ही माहिती पुरवली.

"मग अराकूला गेले कशाला?"

या क्षणी मला विचारायचं होतं, काका, तुम्ही स्वतः कधी गेला होतात? पण वस्तरा घाटीपाशी होता. वस्तरा जरा बाजूला होताच मी विचारलं. फेसातून ते "घुन्ही घवा घेआ होआ" असं ऐकू गेलं असावं, पण काकांना प्रश्न बरोबर कळला. ऑडिटवाल्याला आक्षेप कुठल्याही भाषेत कळतो.

"मी? मी कशाला जाऊ? सगळं पाहिलंय मी. यूट्यूबवर. ड्रोनने घेतलेलं आहे, वरून. तुम्हाला वरून दिसलं का?"

नाही, मला वरून दिसलं नाही. मला खालून दिसलं आणि तेही उलट्या बाजूने. ही गोष्ट मी काकांना सांगितली नाही, तुम्हाला सांगतो. पहिल्या संध्याकाळी आम्ही चौघं शेंगदाणे घेऊन रामकृष्ण बीचवर सूर्यास्त पाहायला बसलो. नाशिकला समुद्र नाही. आम्ही पावसाळ्यानंतर गंगापूर धरणाच्या काठी जाऊन "अगदी समुद्रासारखं!" म्हणणारी माणसं. खरा समुद्र मिळाला की त्यात सूर्य बुडवल्याशिवाय आम्हाला पैसे वसूल वाटत नाहीत. अलिबाग, गणपतीपुळे, दापोली, जिथे गेलो तिथे बुडवला. तसे बसलो. पाऊण तास झाला. समुद्र काळवंडत चालला पण सूर्य काही येईना. बायको म्हणाली, ढग असतील. मी म्हणालो, थांब, शेवटच्या क्षणी दिसतो. शेवटी मुरी मिक्स, म्हणजे तिकडची चुरमुऱ्यांची भेळ, विकणारा एक माणूस आमच्यापाशी थांबला, बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिला आणि काही न बोलता त्याने हात आमच्या पाठीमागे केला. आम्ही वळलो. हॉटेलांच्या इमारतींच्या मधून सूर्य मघाशीच गेला होता, नुसती लाली उरली होती. पूर्व किनारा! शाळेत नकाशात बंगालचा उपसागर निळा रंगवणारा मी, पाऊण तास पश्चिमेकडे पाठ करून बसलो होतो.

मुलं इतकी हसली की धाकट्याला उचकी लागली. त्या माणसाकडून आम्ही चार मुरी मिक्स घेतले, कांदा जास्त, लिंबू पिळून. अंधार पडेपर्यंत तिथेच बसलो. समुद्र दिसेनासा झाला आणि नुसता आवाज राहिला. पाच दिवसांत मला सर्वांत आवडलेले तीन तास ते. त्या जागेला कुठल्या यादीत नंबर नाही.

"सूर्योदय तरी पाहिलात?" काकांनी नेमकं तेच विचारलं. "पूर्व किनारा आहे. समुद्रातून सूर्य वर येतो."

भुवया. झोपलो होतो.

यानंतर काकांनी पेन खिशाला लावलं. मला वाटलं सुटलो. पण ते नुसते पुढे सरकून बसले होते.

"एक सांगा. तुम्ही नाशिकचे ना?"

कारागिराने टॉवेलने फेस पुसला. "हो."

"गंगेवर जाता ना?" आम्ही नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो, 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतो. परगावच्या माणसाला वाटतं हा काशीला निघाला. "मग आपली गंगा तिकडे समुद्राला मिळते. ते पाहिलंत?"

"काका, ते विशाखापट्टणमला नाही. राजमहेंद्रीच्याही पुढे आहे. दोनशे किलोमीटरवर."

"दोनशे!" काका उठून उभे राहिले. सलूनमध्ये आता सहा माणसं होती आणि सहाही ऐकत होती. "हजारावर किलोमीटर गेलात आणि दोनशेला हात आखडलात? ती बिचारी ब्रह्मगिरीवरून निघून 1465 किलोमीटर चालत गेली! दगडाधोंड्यांतून! आणि तुम्हाला एसी टॅक्सीतून दोनशे होत नाहीत?"

तिसऱ्या खुर्चीतला अनोळखी माणूस हळहळला. खरोखर "च्च च्च" केलं त्याने. आणि मी, ज्याचं काहीही चुकलं नव्हतं, त्या कापडाखाली ओशाळलो. दारासमोरून वाहणाऱ्या नदीच्या सासरी आपण गेलो आणि तिला न भेटताच आलो, असं काहीतरी वाटलं. दुसऱ्याच क्षणी स्वतःचा इतका संताप आला की मी गर्रकन मागे वळलो.

"सर, मान!"

उशीर झाला होता. कल्ला गेला.

काही क्षण कुणी बोललं नाही. कारागिराने दोन्ही बाजू आरशात पाहिल्या, उजवा कल्ला वर घेऊ का असं विचारलं, मी नको म्हणालो. उजवा निदान गेल्या महिन्यासारखा असू दे. तुरटी लावली, झोंबली. दीडशे रुपये दिले. इतका वेळ कॉफीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. अराकूहून मी अर्धा किलो कॉफी आणली होती आणि त्यातली एक पुडी काकांच्याच घरी द्यायचं बायकोने ठरवलं होतं. मी मनातल्या मनात ती रद्द केली.

चपला घालून दारापर्यंत पोचलो तेवढ्यात मागून आवाज आला.

"बरं, तिकडे कटिंगला काय घेतात हो?"

"माहीत नाही, काका."

"विचारलं नाहीत?" आणि पेन पुन्हा बाहेर निघालं.